सहा विती, दोन बोटं

वीतकाकांना खरं नाव आहे हे फर्निचरच्या गल्लीत फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी कपाटवाल्यांपासून गाद्या भरणाऱ्यांपर्यंत आणि आरसेवाल्यांपासून दिव्यांच्या शेड विकणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांसाठी ते वीतकाका. कारण सरळ होतं. या माणसाने उभ्या आयुष्यात टेपला हात लावला नव्हता. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा ताणायचा, तो टेबलावरून अळीसारखा सरकवत न्यायचा, आणि शेवटी उरलेली जागा बोटं टेकवून मोजायची. "चार विती, तीन बोटं." झालं माप. कागद नाही की पेन्सिल नाही, सगळं डोक्यात.

ही सवय सुताराच्या कारखान्यातली. तिथल्या मिस्त्रीचा टेप रोज हरवायचा आणि रोज त्याचा आरोप नव्या माणसावर यायचा. काका तेव्हा नवे होते. चार वेळा चोर ठरल्यावर त्यांनी ठरवलं की जी वस्तू घरी विसरत नाही आणि कुणी उचलून नेत नाही तिनेच मोजायचं. पुढे कारखाना बंद पडला, काका गल्लीतल्या दुकानांचा माल घरोघरी पोचवायला लागले, आणि सात-आठ वर्षांत त्यांना शहरातल्या निम्म्या जिन्यांची वळणं पाठ झाली. कुठला सोफा कुठल्या कठड्यात अडकणार हे ते दुकानात उभं राहून सांगायचे. मग लोक खरेदीच्या आधीच त्यांना बोलवायला लागले, आणि तोच धंदा झाला.

धंदा म्हणजे असा. कुणी नवं घर घेतलं की काका आधी ते घर बघून यायचे. खोल्या, दारं, जिना, सगळ्याची वितीने मापं घ्यायची आणि मग त्या कुटुंबाला घेऊन गल्लीत शिरायचं. गल्ली तशी अर्ध्या तासात चालून संपेल एवढीच. पण काकांबरोबर निघालात तर दिवस मोडलाच म्हणून समजा. प्रत्येक दुकानात त्यांची परीक्षा वेगळी. खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढायचा, उलटा करायचा आणि तळाची फळी टिचकी मारून ऐकायची. कपाट असेल तर पुढून बघायचंच नाही, मागे हात घालायचा. "पुढून सगळेच नटून बसतात," असं ते दुकानदाराच्या देखत म्हणायचे, आणि दुकानदार बिचारा तोंडदेखलं हसायचा.

खुर्चीची परीक्षा तर बघण्यासारखी. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं आणि सांगायचं, "आता पाच मिनिटं कुणाची तरी निंदा करा. सासूची, साहेबाची, ज्याची जवळ असेल त्याची. निंदा करताना माणूस खरा ऐसपैस बसतो. तेवढ्यात कंबर बोलली तर ही खुर्ची आपली नाही." लोक आधी लाजायचे, मग असे सुटायचे की काकांनाच हात जोडून थांबवावं लागायचं. आरशाच्या दुकानात मात्र स्वतःकडे बघायची बंदी. "समोरचं दार बघा. दाराची कड आरशात सरळ दिसली तर आरसा बरा. स्वतःला काय, आपण वाकडे असलो तरी सरळच बघतो."

एखादी विक्री झाली की दुकानदार त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचे, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. माल पोचवायच्या चिठ्ठीवर दुकानदार खाली तीन शब्द लिहायचे: माप काकांचं आहे. म्हणजे पुन्हा विचारायचं नाही, फिरून बघायचं नाही, माल थेट गाडीवर चढवायचा. सत्तावीस वर्षांत त्या चिठ्ठीवरचा एक नग गल्लीत परत आला नव्हता. काकांना याचा गर्व होता, आणि तो ते लपवत वगैरे मुळीच नसत.

लपवत होते ते वेगळंच. गेल्या वर्षापासून उजवा हात कुरकुरायला लागला होता. सकाळी उठल्यावर करंगळी उठायलाच तयार नसायची. कोमट पाण्यात बुडवली, चोळली, दम दिला, की हळूहळू उघडायची, पण पूर्वीसारखी सपाट नाही. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. हात गेला असं गल्लीत कळलं तर आपल्याला कोण बोलावणार, या विचाराने त्यांना धडकी भरायची. म्हणून त्यांनी एक तोडगा काढला होता. उजवा हात फारच अडला तर तो खिशात घालायचा आणि डाव्याने मोजायचं. दोन्ही हात आपलेच, दोघांच्या विती सारख्याच, त्यात काय एवढं!

अशात मुलीने घर घेतलं.

एकुलती एक मुलगी. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, दिवसभर थेंब मोजणारी. जावई फिरतीवर असायचा आणि त्याला झोपायला जागा नि टेकायला भिंत मिळाली की तो सुखी. तेव्हा घर लावायचं काम मुलीकडे आणि पर्यायाने तिच्या बाबांकडे आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मुलीने एकच अट घातली.

"बाबा, बाकी काहीही चालेल. पण कपाट मला नवंकोरं पाहिजे. कुणाचं उतरवलेलं नको."

काकांना ते लागलं, पण बोलण्यात खोट नव्हती. शहरभर लोकांची घरं सजवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात सगळं दुसऱ्याचं टाकलेलं होतं. चार खुर्च्या, चार घरांतल्या. जेवणाच्या टेबलाचा एक पाय परका. मुलीचं कपाट तर कुणा दवाखान्याचं होतं. त्याच्या आतल्या बाजूला औषधांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या, आणि ते पोर बारावीपर्यंत पोटदुखीच्या कप्प्यात गणवेश आणि खोकल्याच्या कप्प्यात ओढण्या ठेवत होतं. तेव्हा काकांनी मनाशी ठरवलं की हे कपाट असं घ्यायचं की मुलीने दार उघडताना रोज आपली आठवण काढावी. गल्लीत त्यांनी शेकडो कपाटं निवडली होती, पण हे त्यांचं स्वतःचं पहिलं होतं, आणि यात चूक होता कामा नये.

रविवारी सकाळी ते मापं घ्यायला मुलीच्या घरी गेले. आतल्या खोलीत एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बाहेर आलेला खांब, आणि मधे कपाटासाठीच सोडल्यासारखी रिकामी जागा. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिच्यासमोर डावा हात काढायचं काकांच्या जिवावर आलं. उजव्या पंजाने मोजणारे बाबाच तिने लहानपणापासून पाहिले होते. त्यांनी उजवा पंजा भिंतीला लावला, दात आवळले आणि सरकवत नेला.

"सहा विती, दोन बोटं," ते म्हणाले. "सहा वितींचं कपाट घेऊ. दोन बोटं श्वास घ्यायला."

"कपाट श्वास घेतं?"

"घेतं तर! पावसाळ्यात लाकूड फुगतं. त्याला फुगायला जागा नको?"

तिथून दोघं गल्लीत गेले, आणि खरं सांगायचं तर तो दिवस काकांच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होता. मुलगी गल्लीत यापूर्वी कितीदा तरी आली होती, पण गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच. दुकानदार उठून उभे राहात होते. पहिल्या दुकानात पत्र्याची कपाटं होती, ती तिने दारातूनच नाकारली. दुसऱ्या दुकानातलं कपाट तिला रंगावरून आवडलं. काकांनी मागे हात घालून पुठ्ठ्यासारखी पाठ वाजवून दाखवली आणि तिने कान पकडले. तिसऱ्या दुकानात कड्या इतक्या नक्षीच्या की ओढणी अडकली. चौथ्या दुकानदाराने कपाटाच्या आत लागणारा दिवा दाखवला. दार उघडलं की आपोआप उजेड. मुलगी खूश झाली.

"बाबा, बघा ना किती छान!"

"छान आहे. दिवा घेऊन कपाट त्यांच्याकडेच ठेवू," काका म्हणाले.

मधेच शेडवाल्या बाईंच्या दुकानात अर्धा तास गेला. बाईंनी दुकानातले सगळे दिवे बंद करून एकेक शेड लावून दाखवली. मुलीने कापडाची एक साधी पिवळट शेड घेतली, कारण तिच्या उजेडात बाबा दहा वर्षांनी लहान दिसले. असं ती म्हणाली. काकांनी बाईंना ती लगेच बांधायला सांगितली. जुन्या सामानाच्या दुकानासमोरून जाताना तिने मान दुसरीकडे वळवली आणि दोघंही हसले.

कपाट मिळालं ते शेवटून दुसऱ्या दुकानात. हे दुकान कपाटवाल्या शेठजींचं. सत्तरी ओलांडलेले, अंगाने बारीक, सतत हातात फडकं आणि समोर येईल ते पुसत बोलायची सवय. काकांची आणि त्यांची ओळख कारखान्यापासूनची. तीन दारांचं, फिकट लाकडाचं, काहीही नक्षी नसलेलं ते कपाट मुलीने बघितलं, मधलं दार उघडलं, आत डोकं घालून वास घेतला आणि म्हणाली, "हेच."

काकांनी खण काढले, उलटे केले, पाठ वाजवली. सगळं चोख. आता फक्त रुंदी. पण दिवसभरात तीस-चाळीस खण ओढून उजवा हात सुजला होता, करंगळी दुमडून बसली ती बसलीच. शेठजी शेजारीच फडकं घेऊन उभे, आणि त्यांची नजर म्हणजे घारीची. मुलगी कपाटाच्या आत कप्पे मोजत होती. काकांनी उजवा हात खिशात घातला, जणू रुमाल शोधताहेत, आणि डावा पंजा कपाटाच्या कडेवरून सरकवत नेला. सहा विती, बरोबर. एक बोटही कमी-जास्त नाही.

"घ्या," ते म्हणाले. "या कपाटासाठीच ती जागा बांधलीय."

शेठजींनी चिठ्ठी लिहिली आणि खाली ते तीन शब्द लिहिले.

मंगळवारी कपाट आलं. आणणारे दोघे हमाल गल्लीतलेच. एकाला सगळे पैलवान म्हणायचे, कारण तो अंगाने काडी होता, आणि दुसरा त्याचा साडू. काका सकाळपासून मुलीच्या घरी येऊन बसले होते. तीन मजले कपाट चढलं, एकाही वळणावर अडलं नाही, कारण कुठल्या वळणावर कुठली बाजू आधी वळवायची हे काकांनी वरून ओरडून सांगितलं. आतल्या खोलीत आणलं, उभं केलं, आणि पैलवानाने ते भिंत आणि खांबाच्या मधे सरकवलं.

ते गेलं नाही.

"जरा तिरकं घे," काका म्हणाले.

तिरकं घेतलं. खांबाच्या रंगाचा एक पापुद्रा खाली पडला. पैलवानाने वाकून बघितलं, साडूने वाकून बघितलं, मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काका," पैलवान अगदी हळू म्हणाला, "दोन बोटं जास्त भरतंय."

काका पुढे आले. आता तिघांच्या नजरा त्यांच्यावर होत्या आणि खिशात हात घालायची सोय नव्हती. त्यांनी उजव्या पंजाने जागा मोजली. सहा विती, दोन बोटं. रविवारी होती तेवढीच. मग त्याच पंजाने कपाट मोजलं. सहा विती आणि वर चार बोटं. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. मग त्यांना दुकान आठवलं, खिसा आठवला, डावा हात आठवला. घर एका हाताने मोजलं होतं आणि कपाट दुसऱ्या हाताने. उजव्या हाताची वीत आखडली होती आणि डाव्याची होती तशीच होती.

मुलगी त्यांच्या करंगळीकडे बघत होती. ती सपाट टेकत नव्हती, हे एवढ्या उजेडात कुणालाही दिसलं असतं. मुलीने एकदा बाबांकडे बघितलं आणि पटकन हमालांकडे वळली.

"माझीच चूक झाली हो. बाबा सांगत होते लहान घे, लहान घे. मीच हट्ट केला याच कपाटाचा. म्हटलं, बसेल कसंतरी."

"तरीच!" पैलवानाचा जीव भांड्यात पडला. "मी म्हटलं, काकांचं माप चुकेल कसं? ताई, तुम्ही पण ना! काकांचं ऐकायचं असतं."

इथे सांगायला बरं वाटत नाही, पण काका गप्प राहिले. हमालांनी कपाट बाहेरच्या खोलीत दाराजवळ उभं केलं, उद्या न्यायला येतो म्हणाले आणि हसत हसत जिना उतरले. खाली जाईपर्यंत साडूचा आवाज ऐकू येत होता. आजकालच्या मुली कशा बापाचं ऐकत नाहीत, हे तो पैलवानाला समजावून सांगत होता.

मुलीने चहा केला. कपाट इतकं मधे आलं होतं की स्वयंपाकघरातून कप आणताना तिला आडवं व्हावं लागलं. काकांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"खोटं कशाला बोललीस?"

"मग काय करू? त्यांच्यासमोर तुम्हाला... संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं."

"आता तुझं नाव गल्लीभर होईल."

"होऊ दे. माझा काही गल्लीत धंदा नाही." ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली. "बाबा, हात कधीपासून असा आहे?"

"वर्ष झालं."

"मी दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांत दिवस काढते आणि मला तुम्ही सांगितलं नाहीत?" तिला रडू यायला लागलं होतं आणि रागही. "माझं कपाट गेलं खड्ड्यात. मला त्याचं काहीच नाही."

काकांना आपल्या हाताचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी लाज वेगळीच वाटली. दोन माणसांसमोर पोरीने आपल्याला पाठीशी घातलं आणि आपण जाऊ दिलं. बाप म्हणून इतका छोटा आपण कधी झालो नव्हतो, असं त्यांना वाटलं. ते उठले.

"चप्पल घाल. शेठजींकडे जायचंय."

"कशाला? बदलून देतील ते. फोन करते मी."

"चल म्हणतो ना."

हमाल आधीच पोचले होते, त्यामुळे शेठजींना हकिगत कळलेली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेठजी एका पलंगाची उशाकडची फळी पुसत होते. काकांना बघून ते म्हणाले, "या या. अहो, पोरीच्या जातीचा हट्ट, चालायचंच. लहान कपाट देतो."

"शेठ, तिचा हट्ट नव्हता," काका म्हणाले. "माप माझं चुकलं."

आणि त्यांनी दोन्ही पंजे ताणून एकमेकांना चिकटवले. अंगठ्यावर अंगठा बरोबर बसला. करंगळ्या मात्र जुळल्या नाहीत. डाव्या करंगळीचं टोक वर राहिलं आणि उजवी तिच्या पोटाशी वाकून थांबली. काकांनी हे स्वतःसुद्धा कधी असं धरून बघितलं नव्हतं. मुलीने तोंड फिरवलं.

शेठजींनी फडकं खाली ठेवलं. हे सहसा होत नसे.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"हेच. वर्ष झालं. सगळ्या दुकानदारांना माहीत आहे, काका."

काकांना आधी कळलंच नाही. मग शेठजींनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. काका घराचं माप सांगून गेले की दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस त्या घरी जाऊन यायचा. "पॉलिशची छटा ठरवायची आहे, खोलीतला उजेड बघतो," असं सांगायचा आणि खिशातला टेप काढून गुपचूप मोजून यायचा. माप बरोबर असेल तर प्रश्नच नाही. चुकलेलं असेल तर दुकानदार नग बदलायचे, नाहीतर सुताराकडून कड तासून घ्यायचे. चिठ्ठीवर मात्र काकांचंच माप लिहिलं जायचं.

"किती वेळा चुकलो?" काकांनी विचारलं.

"असेल काहीतरी."

"शेठ."

"अकरा वेळा. सगळी दुकानं मिळून."

"आणि मला कुणी सांगितलं नाहीत!" काका एकदम उसळले. "वर्षभर मी छाती काढून गल्लीतून फिरतोय आणि तुम्ही सगळे मागे हसताय! अख्ख्या गल्लीने माझं नाटक बघितलं!"

"हसलं कोण?" शेठजीही तापले. त्या वयात त्यांचा आवाज चिरका व्हायचा. "नाटक तुम्ही करत होता. आम्ही फक्त पडदा सांभाळत होतो. खिशात हात घालून डाव्या हाताने मोजता, आणि समजता काय, आम्हाला डोळे नाहीत?"

"मग माझ्या मुलीच्या वेळी का नाही पाठवलात माणूस?"

शेठजींनी फडकं पुन्हा हातात घेतलं, पण पुसलं नाही.

"ते माझं चुकलं," ते म्हणाले. "माणूस निघाला होता. मीच थांबवलं. म्हटलं, मुलीचं घर आहे. तिच्या दारात आमच्या माणसाने तुमच्या मापावर माप घेणं बरं दिसणार नाही. आणि वाटलं, इथे तरी काका चुकायचे नाहीत." मग जरा थांबून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "आणि हे आमचं डोकं नाही हो. वहिनी आल्या होत्या."

"कोण वहिनी?"

"आता तुमच्या घरी किती आहेत? गेल्या वर्षी एकेक दुकानात येऊन गेल्या. म्हणाल्या, हात आखडलाय, सांगत नाहीत. घरी बसवलं तर हा माणूस महिन्याभरात म्हातारा होईल. तुम्ही एवढं मागून बघून घ्या. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. अशी बाई दारात येऊन बोलल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मुलीने हळूच विचारलं, "आई आली होती? सगळ्या दुकानांत?"

"गाद्यावाल्यापर्यंत."

काका उठले, म्हणाले, "शेठ, आता त्या जागेचं माप घ्यायला माणूस पाठवा. पॉलिशबिलिशचं नाव न घेता पाठवा. मी तिथे असेन." मुलीला त्यांनी तिच्या घरी धाडलं आणि स्वतः चालत घरी गेले.

घरी काकू मशीनवर बसल्या होत्या. गल्लीतल्या दुकानांसाठी पडदे आणि गाद्यांचे अभ्रे शिवायचं काम त्यांच्याकडे असे, आणि त्यामुळे घरात दिवसभर मशीनचा खडखडाट असायचा. काका दारात उभे राहिले. येताना रस्ताभर त्यांनी बोलायची जुळवाजुळव केली होती. माझ्या मागे हे उद्योग, माझी अब्रू चव्हाट्यावर, वगैरे वगैरे. काकूंचा मशीनवर वाकलेला पाठमोरा अंबाडा बघून त्यातलं काही आठवेना.

"अकरा वेळा चुकलो म्हणे मी," ते म्हणाले.

काकूंनी शिवण पुरी होईपर्यंत मशीन थांबवलं नाही. मग दोरा तोडला.

"तेरा," त्या म्हणाल्या. "दोन वेळा पडद्यांची मापं तुम्ही आणून दिली होतीत. मी उसवून परत शिवले."

काका त्या चार घरांच्या चार खुर्च्यांपैकी एकीवर बसले. हसू आलं की रडू, त्यांचं त्यांना समजलं नाही. दोन्ही थोडं थोडं आलं असावं, कारण काकूंनी उठून त्यांना पाणी दिलं.

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग? आणि तुम्ही तरी कुठे सांगितलंत मला? रोज सकाळी मोरीत जाऊन कोमट पाण्यात हात बुडवता. मला काय वाटतं, तोंड धुताय पाऊण तास?" काकूंनी अभ्रा बाजूला ठेवला. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय गिऱ्हाईक आहे?"

आज काय काय झालं ते काकांनी सांगितलं. मुलीचं कपाट दाराजवळ अडून पडलंय हे ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला. मुलगी खोटं बोलली हे ऐकून मात्र त्या म्हणाल्या, "माझ्यावर गेलीय."

मग त्यांनी गळ्यातला टेप काढला. "हात इकडे आणा. उजवा."

काकांनी हात टेबलावर ठेवला आणि जेवढा ताणता येईल तेवढा ताणला. काकूंनी अंगठ्याच्या टोकाला टेपचं टोक धरलं, करंगळीपर्यंत नेलं आणि चष्मा वर करून आकडा बघितला. चाळीस वर्षं या हाताने शहर मोजलं, पण हा हात किती इंचांचा आहे हे काकांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"साडेआठ," काकू म्हणाल्या, आणि थांबल्या.

"काय झालं?"

"गेल्या वर्षी पावणेनऊ होता. दुपारी झोपला होतात तेव्हा मोजला होता मी."

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. पाव इंच. टेपवर ती रेघ इतकी बारीक होती की चष्म्याशिवाय दिसेना.

"म्हणजे अजून जाणार," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच हे त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर दुकानं हिंडले. आता डावा ठेवा."

काकांनी डावा हात उजव्याच्या शेजारी ठेवला.